पुढचं डावं चाक

तडा गेलेलं चाक वेल्डिंग करून, पुट्टी घासून, वरून चंदेरी रंग मारून मी ते कोऱ्यासारखं म्हणून विकलं. चुकून नाही, भोळेपणानं नाही, कोणाच्या सांगण्यावरूनही नाही. दोन दिवस खपून, जीव ओतून विकलं. इतकं निगुतीनं काम मी त्याआधी आयुष्यात केलं नव्हतं. दहावीच्या प्रयोगवह्यासुद्धा शेजारच्या बाकावरून उतरवल्या होत्या. माणसं सोळाव्या-सतराव्या वर्षी मोठी होतात म्हणे. मी सव्वीस वर्षांचा घोडा होतो, मिशी होती, दोनदा मतदान करून झालं होतं, आणि मोठं व्हायचं तेवढं राहिलं होतं. ते ज्या रविवारी उरकलं, त्याची ही हकिकत. आता चाळिशी ओलांडलीय, साखर वाढलीय, डॉक्टरांनी बरंच काही बंद केलंय. पण तो रविवार आठवला की अजून तोंडात पाणी जमा होतं. उलटी येण्याआधी जमतं ना, तसं.

आमच्या जालन्यात लोखंड वितळवायच्या भट्ट्या, आणि भट्ट्यांना लागतं भंगार. ते बंदरावरून कंटेनर भरभरून यायचं. त्यात अधूनमधून परदेशातल्या कापलेल्या गाड्यांचे अवयव निघत. एखादं छोटं गोल स्टेअरिंग, आखूड स्प्रिंगा, मोठ्या तोंडाचा सायलेन्सर, अॅल्युमिनियमची हलकी चाकं. लोखंडाच्या भट्टीला अॅल्युमिनियम चालत नाही, म्हणून ते वेगळं काढून भंगारगल्लीत टाकायचे, आणि तिथं आम्ही गिधाडांसारखे आधीच येऊन बसलेले असायचो. आम्ही म्हणजे शौकीन. हा आमचा आम्हीच लावून घेतलेला शब्द. ज्याला गाडी चालवायची असते तो ग्राहक, आणि ज्याला गाडी पळवायची असते तो शौकीन, अशी आमची वर्णव्यवस्था होती. मोबाईलवर ग्रुप निघायला नुकती सुरुवात झाली होती. आमच्या ग्रुपचं नाव 'रफ्तार मराठवाडा'. त्यात सत्तर-ऐंशी माणसं होती आणि त्यांतल्या निम्म्यांच्या गाड्या जागच्या हलत नव्हत्या. इंजिन उतरवलेलं, चाकं काढलेली, पुढचा पार्ट मिळाला की सुरू करायची म्हणून विटांवर ठेवलेल्या. माझीही तशीच होती. पांढरी, जुनी, छोटी. ती अकरा महिने आमच्या घरापुढं विटांवर उभी होती. तिच्या मागच्या सीटवर मांजर व्यायली. आई बॉनेटवर कुरडया वाळत घालायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मिलिंदची गाडी लई कामाची हाये, ऊन बराबर लागतं."

रविवारी सकाळी बदनापूरच्या पुढं, हायवेवरच्या एका ढाब्यामागं आमचा बाजार भरायचा. जमिनीवर चादरी टाकून त्यावर पार्ट मांडायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, एखाद्या अपघाताचा पंचनामा चाललाय. त्या जागेचा वास माझ्या नाकातून आजतागायत गेलेला नाही. जळकं गिअर ऑइल, रॉकेल, ढाब्याच्या मोरीतून वाहणारं खरकटं पाणी, आणि त्यावर शेवभाजीची फोडणी. काळ्या हातांनीच आम्ही शेवभाजी ओरपायचो. नखांतलं ग्रीस रश्शात उतरायचं, त्याचे इंद्रधनुष्यासारखे गोल गोल डाग तवंगावर तरंगायचे, आणि आम्ही हसत हसत ते पिऊन टाकायचो. सगळे एकमेकांना भाई म्हणायचे. गळाभेटी व्हायच्या. आणि त्या गळाभेटीतून सुटल्या सुटल्या भाई भाईच्या हातात फुटका माल द्यायचा.

त्या बाजाराची एक भाषा होती. 'थोडं काम आहे' म्हणजे मोडलेलं आहे. 'डॉक्टरांच्या गाडीचं आहे' म्हणजे कुठून आलं ते विचारू नकोस. 'प्रोजेक्ट बंद केला' म्हणजे मला कोणीतरी फसवलंय, आता तुझी पाळी. आणि का विकतोस, हे विचारायचं नाही, हा तर पहिला नियम. विचारणारा ग्राहक ठरायचा, आणि ग्राहक ठरण्यापेक्षा फसलेलं बरं असं आम्हाला मनापासून वाटायचं. त्यातूनच दुसरा नियम निघाला होता: एखाद्यानं वस्तू मागितली, की ती चांगलीच आहे असं धरायचं. कोणी हात लावला नाही तर तीच वस्तू भंगार. डोकं कोणाचंच चालत नव्हतं, सगळे दुसऱ्याच्या हावरटपणाकडं बघून भाव ठरवत होते.

चाकांची एक परीक्षा मात्र खरी होती. टायर काढलेलं रिम दोरीनं टांगायचं आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलकं मारायचं. धड असेल तर शाळेच्या घंटेसारखं वाजतं, आवाज लांबत लांबत जातो. कुठं तडा असेल तर नुसतं 'थप्प' करून गप्प बसतं. त्यात लबाडी करता येत नाही. लबाडी एकच, ती परीक्षाच होऊ द्यायची नाही. टायर चढवून, हवा भरून विकायचं. मग ते वाजतही नाही आणि आतली बाजू दिसतही नाही.

माझ्या हाती लागलेली चार चाकं सात वाकड्या काड्यांची होती. काड्या म्हणजे मधून कडेपर्यंत जाणारे दांडे. पुऱ्या जिल्ह्यात तसा सेट दुसरा नव्हता. मी भंगारगल्लीतूनच फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'जालन्याचा माल', आणि ऐंशी जणांनी डोळ्यांत बदाम असलेली चेहऱ्यांची चित्रं पाठवली. घरी आणून साबणानं धुतली तेव्हा एका चाकाच्या आतल्या कडेला केसासारखी रेघ दिसली. केस म्हणून पुसायला गेलो, पुसली गेली नाही. कडेपासून निघून थेट एका काडीच्या बुडापर्यंत गेली होती. आता ऐंशी बदाम परत कसे करायचे?

इस्माईलचाचा हे त्या गल्लीतले अॅल्युमिनियमचं वेल्डिंग करणारे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बोटानं रेघ चाचपली. म्हणाले, "मिलिंदभाई, वेल्डिंग मैं कर देता. मेरा टाका नहीं टूटेगा, बाजू में टूटेगा. इसमें मिट्टी भरो, गुलाब लगाओ. गाडी को नक्को लगाओ."

"विकायचं न्हाई चाचा, घरीच ठेवणार," मी म्हणालो.

"घर में रखने कू वेल्डिंग कायको?" चाचा म्हणाले, आणि चष्मा खाली घेऊन त्यांनी टाका मारला. त्यांनी ओळखलं होतं. मला त्यांचं ते चष्मा खाली घेणं अजून आठवतं. एखाद्याकडं बघायचंच नाही असं ठरवल्यासारखं.

मी पुट्टी भरली, तीन नंबरचे पॉलिश पेपर झिजवले, रंगाचे चार हात दिले. हवा भरायच्या नळीच्या भोकाखाली रंगाचा एक ओघळ आला, तांदळाच्या दाण्याएवढा. तो घासायचा कंटाळा केला. मग टायर चढवले आणि बदनापूरच्या पप्पूला चारही चाकं विकली. पप्पूच्या काकांचं खताचं दुकान होतं आणि पप्पूचं त्या दुकानात बसणं होतं. त्यानं टायरवर दोन लाथा घातल्या, ही शौकिनांची तपासणी, आणि विचारलं, "चालवलेत का तू?"

"सहा महिने चालवले. मख्खन."

माझी गाडी अकरा महिने विटांवर होती. आठवड्यापूर्वीच पप्पू आमच्या घरी येऊन मांजरीची पिलं बघून गेला होता. तरी त्याचा विश्वास बसला. सात काड्यांपुढं माणूस असा होतो. आलेल्या पैशांतून मी एक कार्ब्युरेटर घेतला. तो फुटका निघाला, हे सांगायला नकोच.

वर्ष-सव्वा वर्ष गेलं. आता आमच्या घरातली माणसं सांगतो. बाबा मूळचे केदारखेड्याचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, निवृत्त होऊन जालन्यात कॉलनीत घर बांधून राहिले. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, त्याखाली पुस्तकांचं कपाट, आणि कपाटावर माझे पार्ट. बाबा रोज सकाळी पुस्तक काढताना एखादा सायलेन्सर बाजूला सरकवायचे आणि नंतर पंचानं हात पुसायचे. चांगले दोन-तीनदा पुसायचे. त्यांना मी 'गाड्यांच्या पार्टचा व्यवसाय' करतो असं सांगितलं होतं. माझ्याहून चार वर्षांनी मोठी बहीण सुषमाताई बदनापूरला शाळेत शिक्षिका. तिचे मालक, आमचे दाजी, तिथंच कॉलेजात क्लार्क. मूळ गाव धावडा. दाजी हा रुमालाची घडी सुद्धा कागदासारखी घालणारा माणूस. त्यांनी जुनी छोटी करडी गाडी घेतली, तेव्हा साऱ्या पाव्हण्यारावळ्यांत मी तिला साबणदाणी म्हणालो होतो. सगळे हसले. दाजीही हसले. मी विसरून गेलो.

त्या रविवारी ताई आणि दाजी जेवायला येणार होते. ताईला सातवा सरला होता. जेवून पुढं धावड्याला जायचं, तिथं तिच्या सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी ओटीचा कार्यक्रम ठेवला होता. आईनं पहाटेपासून घर हलवून सोडलं होतं. भाकरी थापल्याचा तो पट-पट-पट आवाज, मधूनच परातीत पीठ ओढल्याची खरखर, बाबांच्या रेडिओचा कुरकुराट. ताईला येसर आमटी हवी होती, म्हणून आईनं येसर ताजा भाजला. सगळं घर लवंग-धन्यानं भरून गेलं होतं. त्या दिवशी मी बाजाराला गेलो नव्हतो. ढाब्यावरच्या शेवभाजीपेक्षा येसर बरा, एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान.

फाटकापुढं हॉर्न वाजला. मी दार उघडायला गेलो आणि पहिल्यांदा ताई दिसली नाही, दाजी दिसले नाहीत, चाकं दिसली. सात वाकड्या काड्या. साबणदाणीला.

दाजी उतरले, शर्ट खाली ओढला, आणि गाडीच्या बाजूला उभे राहिले. फोटो काढताना उभे राहतात तसे. "काय मिलिंदराव," ते म्हणाले, "आता काय म्हणता साबणदाणीला?"

"कुठून आणले, दाजी?"

"आमच्या खतवाल्याचा पुतण्या हाये ना, पप्पू. त्याच्याकडून. कॉलेजातले सगळे बघून राह्यले महिन्यापासून. प्राचार्य सुद्धा खाली येऊन बघून गेले."

ताई डाव्या बाजूनं दरवाजा धरून हळूहळू उतरली. "महिनाभर हेच चाललंय घरात. मिलिंद काय म्हणंल, मिलिंदला आवडंल का. मी म्हणलं, माझ्या पोटातल्याला आवडंल का ते बघा आधी."

मी खाली वाकलो. पायताणाचा पट्टा नीट करायचं सोंग केलं. पुढच्या डाव्या चाकाच्या नळीच्या भोकाखाली तांदळाच्या दाण्याएवढा ओघळ होता. पुढचं डावं, म्हणजे ज्याच्या वर ताई बसून आली होती ते.

"ह्या एकाच चाकाची जरा कटकट हाये," दाजी म्हणाले. "दर दोन दिसाला हवा मारावी लागती. पप्पू म्हणला, इम्पोर्टेडमध्ये तसं राहतंच."

पप्पूचं पुढं एकदा मला कळलं. टायर बदलताना त्याला टाका दिसला होता. मी त्याला फोन करून शिव्या द्यायला लागलो, तर तो शांतपणे म्हणाला, "तू मला सांगितलं का? मी विचारलं का? मंग." तो आमच्या बाजाराचाच नियम सांगत होता, आणि तोही बिलकुल बरोबर.

जेवायला बसलो. येसरचा वास पहिल्यांदाच मला सहन होईना. आई वाढत होती, "जावईबापू, घ्या आणखी," बाबा ताईला शाळेचं विचारत होते, आणि मी भाकरीचे तुकडे करून ताटात एकावर एक रचत होतो. सरळ सांगायचं, एवढंच होतं. दाजी, ते चाक फुटकं आहे. पाच शब्द. पण त्याच्या मागोमाग 'तुला कसं माहीत' येणार होतं, आणि समोर बाबा बसले होते. मग माझ्या डोक्यानं, जे चार वर्षं त्या ढाब्यामागं शिकत होतं, त्याला येत होतं तेच केलं. मी सौदा करायला लागलो.

"दाजी, चाकं मला द्या. तुम्ही जेवढ्याला घेतली त्याच्यावर देतो वर."

दाजींचा घास हातातच राहिला. चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडं बघवेना. "ऐकलं का, गुरुजी?" ते बाबांना म्हणाले. "जालन्याचा शौकीन आपल्याला चाकं मागून राह्यला."

"खरंच द्या. आत्ता. मी तुम्हाला लोखंडी लावून देतो, तासाभराचं काम."

"न्हाई. आता तर बिलकुल न्हाई."

"दाजी, दुप्पट देतो."

"बघा," दाजी म्हणाले, "मी म्हणत होतो न्हाई का, वस्तू चांगली हाये म्हणून."

आई म्हणाली, "अरे, हौसेनं घेतलीत त्यांनी. तुझी आपली कायम दुसऱ्याच्या ताटात नजर." ताई हसली. बाबा हसले नाहीत; ते माझ्या ताटाकडं बघत होते. आणि मी, माझ्या दोन नियमांपैकी दुसऱ्या नियमात स्वतःच अडकून, दर बोलण्यागणिक ते चाक ताईच्या सीटखाली जास्त घट्ट बसवत होतो. असली ओंगळ गंमत मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

जेवण झालं. मग मी म्हणालो, एका चाकात हवा कमी दिसते, स्टेपनी लावतो. दाजी म्हणाले, एकीकडं लोखंडी न् तीनकडं हे, लग्नातल्या बँडवाल्यासारखं दिसंल. हवा भरून घेऊ नाक्यावर. मी म्हणालो, रस्ता खराब आहे, भोकरदनपर्यंत खड्डेच खड्डे. ताई म्हणाली, "तू कवापासून रस्त्याची काळजी कराया लागला?" मग ती डाव्या बाजूनं बसली, आईनं तिच्या मांडीवर उशी दिली, दाजींनी आरशात भांग बघितला, गाडी निघाली. आई म्हणाली, "हात हलव ना." मी हात हलवला.

हे मला लिहायचं नव्हतं. ते चाक विकलं हे मी चारचौघांत सांगितलंय, हसून सांगितलंय, त्यावर टाळ्या घेतल्यात. पण गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटकात उभा राहून हात हलवला, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

घरात आलो. अर्धा तास चकरा मारल्या, मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. साबण लावून हात धुतले, परत धुतले. आणि मग लक्षात आलं की मी बाबांसारखाच पंचाला हात पुसत उभा आहे. दारात बाबा. ते म्हणाले, "काय हाये त्या चाकात?"

"काही न्हाई."

"मंग दुप्पट कशाला देत होता?"

मी फोन लावला. ताईनं उचलला. मागं गाडीचा खडखड आवाज येत होता, दाजी काहीतरी गुणगुणत होते. आताही पाच शब्दच होते. मी म्हणालो, "ताई, हळू चालवा म्हणावं."

"हळूच चाललो. तुला आज झालं काय?"

"ते... आईनं लाडूचा डबा दिल्ता, तो राह्यला. जिथं आहात तिथं थांबा. मी घेऊन आलो."

"राजूर फाट्यापाशी आलोत आता. इथं पंक्चरचं दुकान हाये, तिथं थांबतो. जल्दी ये."

बाबांची स्कूटर काढली. त्या रस्त्यावर मी किती वेगानं गेलो माहीत नाही. रफ्तार मराठवाडातला एकही माणूस इतका वेगात कधी गेला नसेल, आणि तेही स्कूटरवर. प्रत्येक खड्डा चुकवताना वाटायचं, ह्यात ते चाक आदळलं असेल. प्रत्येक वळणावर मी आधी कडेची नाली बघायचो, मग रस्ता. पोटात येसरचा एकच घास होता. एका ठिकाणी थांबून बाभळीखाली तो काढून टाकला आणि परत निघालो.

फाट्यावर करडी गाडी उभी होती. चारही चाकांवर. ताई लिंबाखालच्या बाजेवर पाय लांब करून बसली होती. पंक्चरवाले मामा, पांढऱ्या मिशांचे, दाजींशी पावसाचं बोलत होते.

"आण डबा," ताईनं हात पुढं केला. "भूक लागली मला."

"डबा न्हाई."

"मंग आला कशाला?"

मी दाजींना म्हणालो, "पुढचं डावं चाक काढा."

"पुन्हा चाक?" दाजी हसले. "किती मागं लागला रे. घे बाबा, बाळंतपण झाल्यावर घेऊन जा."

"दाजी, ते मी विकलंय."

"मी तर पप्पूकडून घेतलं."

"पप्पूला मी विकलं."

"मंग तर घरचाच माल झाला की," दाजी म्हणाले. अजून हसतच होते.

"तडा हाये त्याला."

"तुला कसं माहीत?"

"मी बुजवलाय."

दाजींचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त आतला माणूस तिथून उठून गेला. त्यांनी मामांना हातानं खूण केली. मामांनी जॅक लावला, नट सैल केले, चाक काढलं, टायर उतरवला. आतून इस्माईलचाचांचा टाका दिसला, मुंग्यांच्या रांगेसारखा, जसाच्या तसा, कुठंही न सुटलेला. आणि त्याच्या बाजूनं, चाचा म्हणाले होते तस्साच, नवा तडा. वीतभर. मामांनी त्यात अंगठ्याचं नख घातलं. नख आत गेलं.

"ह्याच्यावर धावड्याला चाल्लते तुम्ही?" मामांनी विचारलं. मग बाजेवर बसलेल्या ताईकडं बघितलं. चाक उचलून ते दुकानामागं नेऊन टाकून आले, मेलेलं काहीतरी टाकावं तसं, हात लांब धरून.

दाजींनी रुमाल काढला, घडी मोडली, तोंड पुसलं. "बाकीचे तीन?"

"बाकीचे चांगले हायेत, दाजी. शपथ."

दाजी मामांकडं वळले. "मामा, तिन्हीचे टायर उतरवा. वाजवून बघा एक-एक."

"चांगले हायेत म्हणालो ना."

"ऐकलं मी," दाजी म्हणाले.

एवढंच बोलले. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तासभर आम्ही तिथं होतो. मामा एकेक रिम दोरीला टांगून हातोडीच्या दांड्यानं मारत होते, आणि ते घंटेसारखं वाजत होतं, लांबत लांबत, फाट्यावरची एसटीची माणसं वळून बघत होती. तिन्ही खणखणीत निघाली. मी खरं बोललो होतो, पण त्या तासाभरात ते कोणालाच उपयोगाचं नव्हतं. माझ्या शब्दावर त्या माणसानं साधा नटसुद्धा आवळला नसता. मी नट उचलून द्यायला गेलो तर दाजींनी माझ्या हातातून ते घेतले, मोजल्यासारखे बघितले, आणि स्वतः आवळले. तीन चाकं सात काड्यांची, एक काळं लोखंडी. बँडवाल्यासारखीच दिसत होती. त्याचं आता कोणाला काही वाटत नव्हतं.

ताई ह्या साऱ्या वेळात बाजेवरच होती. मामांनी दिलेलं पाणी प्याली होती, एक हात पोटावर ठेवून बसली होती. निघताना ती डाव्या बाजूनंच बसली. मी दरवाजा लावायला पुढं झालो. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, आता कोणीतरी एखादा चांगला शब्द बोलावा. उशिरा का होईना, आलो होतो. कबूल केलं होतं. स्कूटर खड्ड्यांतून आपटत आणली होती.

"पण ताई, मी आलो ना," मी म्हणालो. "सांगितलं ना."

तिनं मांडीवरची उशी नीट केली.

"मी बसल्ते म्हणून आलास," ती म्हणाली. "दुसरी कोणी असती ना हितं, तर तू जेवून झोपला असतास."